पदविका ते पदवी शिक्षणमार्ग (भंडारा जिल्हा)

पदविका ते पदवी शिक्षणमार्ग म्हणजे दहावी किंवा बारावीनंतर एकदम पूर्ण मुदतीच्या पदवीचा पल्ला न गाठता आधी प्रमाणपत्र अथवा पदविका मिळवून, तिच्या आधारे पुढील पदवी पूर्ण करण्याची टप्प्याटप्प्याची वाट होय. महाराष्ट्राच्या पूर्व विदर्भातील भंडारा जिल्ह्यात ही वाट अनेक वर्षांपासून रुळलेली आहे. तंत्रनिकेतनातून अभियांत्रिकी महाविद्यालयात जाणारे विद्यार्थी, अध्यापक पदविकेवर नोकरीला लागून नंतर बी.ए. झालेले शिक्षक, परिचारिका पदविकेनंतर बी.एस्सी. करणाऱ्या परिचारिका हे सारे याच वाटेचे प्रवासी आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर कला, वाणिज्य व विज्ञान शाखांच्या साध्या पदव्यांनाही अशा पायऱ्या पाडण्यात आल्या आहेत.

या मार्गाचा मुख्य लाभ असा, की मध्येच शिक्षण थांबले तरी हाती काहीतरी राहते. मुख्य धोका असा, की पहिल्या टप्प्यावर मिळवलेले सारेच दुसऱ्या टप्प्यावर धरले जाईल याची खात्री नसते. म्हणून पहिल्या टप्प्याला प्रवेश घेण्यापूर्वीच दुसऱ्या टप्प्याच्या प्रवेशाचे नियम वाचणे हा या मार्गाच्या आखणीचा गाभा ठरतो.

संज्ञा

संस्कृतात 'पदवी' या शब्दाचा मूळ अर्थच वाट किंवा मार्ग असा आहे. दर्जा, हुद्दा आणि मग विद्यापीठीय उपाधी हे अर्थ त्याला पुढे चिकटले. 'पदविका' हे त्याचेच लघुत्वदर्शक रूप. मात्र आजच्या व्यवहारात 'पदविका' हा एकच शब्द निदान तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि विद्यार्थ्यांचा गोंधळ बहुधा येथूनच सुरू होतो.

पहिली पदविका दहावीनंतरची तीन वर्षांची, तंत्रनिकेतनातील. बोलीत जिला नुसते 'डिप्लोमा' किंवा 'पॉलिटेक्निक' म्हणतात ती. दुसरी, नव्या धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमाची दोन वर्षे पूर्ण करून बाहेर पडणाऱ्यास मिळणारी पदवीपूर्व पदविका. ती बारावीनंतरची असते. तिसरी पदव्युत्तर पदविका, जी पदवीनंतर घेतली जाते. नावे सारखी असली तरी त्यांची पातळी, त्या देणाऱ्या संस्था आणि त्यांच्या आधारे उघडणारी दारे भिन्न आहेत. बी.ए.च्या दोन वर्षांनंतर मिळालेली पदविका दाखवून अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळत नाही, आणि कनिष्ठ अभियंत्याच्या जाहिरातीतील 'पदविका' या शब्दाने ती अभिप्रेतही नसते. जाहिरात किंवा माहितीपुस्तिका वाचताना 'कोणती पदविका' हा प्रश्न म्हणूनच आधी विचारावा लागतो.

पार्श्वभूमी

भंडारा जिल्ह्यात भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर व पवनी असे सात तालुके आहेत. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत आजचा गोंदियाही याच जिल्ह्यात होता. उच्च शिक्षणासाठी जिल्ह्याची ओढ परंपरेने नागपूरकडे राहिली. नागपूरचे शासकीय तंत्रनिकेतन १९१४ इतके जुने आहे, तर नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ मध्ये झाली. २००५ पासून ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. भंडारा जिल्ह्यातील पारंपरिक महाविद्यालये या विद्यापीठाच्या अधिकारक्षेत्रात येतात. भंडाऱ्याचे जे. एम. पटेल महाविद्यालय, साकोलीचे एम. बी. पटेल महाविद्यालय, तुमसरचे एस. एन. मोर महाविद्यालय आणि लाखनीचे समर्थ महाविद्यालय ही त्यांपैकी ठळक नावे होत.

तंत्रशिक्षणाच्या पदविकांचे नियमन मात्र विद्यापीठ करीत नाही. त्यांच्या परीक्षा १९६३ पासून राज्याचे तंत्रशिक्षण परीक्षा मंडळ घेत आले असून १९९९ मध्ये ते महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ या नावाने स्वायत्त झाले. पदविका एका यंत्रणेची आणि पदवी दुसरीची, ही विभागणी ध्यानात घेतल्याशिवाय या मार्गातील अडचणी नीट समजत नाहीत. एका संस्थेने शिकवलेले दुसरी संस्था किती मान्य करील, हे दर वेळी नियमांनी ठरवावे लागते.

तंत्रनिकेतन ते अभियांत्रिकी

जिल्ह्यात सर्वांत परिचित असलेली वाट ही आहे. दहावीत किमान ३५ टक्के गुण मिळवलेला विद्यार्थी तीन वर्षांच्या, म्हणजे सहा सत्रांच्या अभियांत्रिकी पदविकेस पात्र ठरतो. साकोली येथे शासकीय तंत्रनिकेतन आहे. गोंदिया, ब्रह्मपुरी व नागपूर येथील शासकीय तंत्रनिकेतनांतही जिल्ह्यातील मुले-मुली जातात. पदविका उत्तीर्ण झाल्यावर चार वर्षांच्या अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. जिल्ह्यात ही सोय भंडाऱ्याजवळ शहापूर येथील मनोहरभाई पटेल अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेत आहे. बहुतेकांची धाव मात्र नागपूरच्या महाविद्यालयांकडे असते.

थेट दुसऱ्या वर्षासाठी पदविकेत किमान ४५ टक्के गुण लागतात. महाराष्ट्रातील राखीव प्रवर्ग, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक व दिव्यांग उमेदवारांसाठी ही अट ४० टक्के आहे. सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागत नाही. गुणवत्ता यादी पदविकेच्या गुणांवरच लागते. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेच्या फेऱ्यांमधून होतात. या प्रवेशांसाठी ठरावीक अतिरिक्त जागा असतात आणि पहिल्या वर्षी रिकाम्या राहिलेल्या जागाही त्यांत मिळवल्या जातात. त्यामुळे एखाद्या महाविद्यालयात यंदा किती जागा निघतील हे गतवर्षीच्या पहिल्या वर्षाच्या प्रवेशांवर पुष्कळ अवलंबून असते. संगणकासारख्या मागणीच्या शाखेत पहिलेच वर्ष भरलेले असते आणि चढाओढ तीव्र होते. स्थापत्य किंवा यंत्र शाखेत तुलनेने वाव राहतो. पदविकेची शाखा आणि पदवीची शाखा एकच असली पाहिजे ही पूर्वीची अट आता सैल झाली असली, तरी शाखा बदलणाऱ्यास मागचे विषय स्वतःच भरून काढावे लागतात.

वर्षांचा हिशेब मांडला तर एक गोष्ट उघड होते. अकरावी-बारावीची दोन वर्षे आणि पदवीची चार, अशी सहा वर्षे. पदविकेची तीन आणि पदवीची उरलेली तीन, अशीही सहाच. 'डिप्लोमा केला की वर्ष वाया जाते' ही गावोगाव ऐकू येणारी समजूत म्हणून निराधार आहे. फरक पडतो तो थांबण्याच्या जागेत. बारावी विज्ञान होऊन ज्याचे शिक्षण थांबते, त्याच्या हाती कोणत्याही कामाची पात्रता नसते. पदविकेनंतर थांबणाऱ्यास जिल्हा परिषद, बांधकाम व पाटबंधारे विभागांतील कनिष्ठ अभियंता पदाच्या परीक्षा देता येतात, तसेच शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ अन्वये वर्षभराची तंत्रज्ञ शिकाऊ उमेदवारी करता येते. जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना, वरठीचा सनफ्लॅग पोलाद कारखाना, गडेगावचा अशोक लेलँडचा प्रकल्प, तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी अशा उद्योगांमुळे पदविकाधारकाला जिल्ह्यातच कामाची निदान शक्यता दिसते. दोन एकर धानाच्या शेतीवर घर चालणाऱ्या कुटुंबात तीन वर्षांनी हाती येणारी पात्रता आणि सहा वर्षांनी हाती येणारी पात्रता यांत मोठे अंतर असते.

या वाटेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दहावीनंतर पदविकेकडे वळलेल्या विद्यार्थ्याची बारावी होत नाही. वैद्यकीय शाखा, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, प्राथमिक शिक्षकाची पदविका यांसारखी बारावीवर आधारलेली दारे त्याच्यासाठी मिटतात, किंवा ती उघडण्यासाठी बारावी वेगळी करावी लागते. पंधराव्या-सोळाव्या वर्षी घेतलेला हा निर्णय असतो. तो बहुतेक वेळा मित्रांच्या वा मोठ्या भावाच्या सांगण्यावरून घेतला जातो, हे शाळेत वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे.

पदवीच्या दुसऱ्या वर्षात आल्यावर पहिला खडक गणिताचा. बारावी करून आलेल्या वर्गमित्रांनी दोन वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात आणि एक वर्ष अभियांत्रिकीत गणित केलेले असते. पदविकेचा भर उपयोजनावर असल्याने संकलन, अवकलन समीकरणे यांचा पाया तितका पक्का नसतो. उलट कार्यशाळा, यंत्ररेखन आणि प्रत्यक्ष कामात पदविकाधारक सरस ठरतात. ही उणीव भरून काढण्यासाठी विद्यापीठांनी गणित, भौतिकशास्त्र, यंत्ररेखन यांचे सेतू अभ्यासक्रम घ्यावेत असे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे निर्देश आहेत. परंतु केंद्रीभूत फेऱ्या लांबल्या की या विद्यार्थ्यांचे प्रवेश सत्र सुरू झाल्यावर होतात आणि सेतूला वेळच उरत नाही. पदविकेच्या अखेरच्या सत्रात गणिताची जुनी वही पुन्हा उघडणारे विद्यार्थी या टप्प्यावर कमी अडखळतात.

भाषेचा प्रश्न याला जोडूनच येतो. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलासमोर तंत्रनिकेतनात अचानक इंग्रजी पाठ्यपुस्तके येतात. तंत्रशिक्षण मंडळाने मराठी-इंग्रजी द्विभाषिक शिक्षणाची मुभा दिल्यापासून पहिले वर्ष सुसह्य झाले आहे. पदवीचे वर्ग मात्र इंग्रजीतच चालतात. द्विभाषिक सवलत घेणाऱ्याने इंग्रजी परिभाषा समांतर पक्की केली नाही, तर अडचण केवळ तीन वर्षे पुढे ढकलली जाते.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून (आयटीआय) येणाऱ्यांसाठी याच वाटेची एक पायरी खाली आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा व्यवसाय अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यास, तसेच बारावी विज्ञान उत्तीर्ण विद्यार्थ्यास, पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. म्हणजे जोडारी शिकलेला मुलगा आयटीआय, पदविका आणि पदवी असे तीन टप्पे घेत सात वर्षांत अभियंता होऊ शकतो. ही शिडी कागदावर सलग आहे. ती शेवटपर्यंत चढणारे थोडे असतात, कारण आयटीआयनंतर बहुतेकांना लगेच कमाईला लागावे लागते.

दूरस्थ अभियांत्रिकी पदव्यांचा धडा

नोकरी करणाऱ्या पदविकाधारकांना घरबसल्या अभियांत्रिकी पदवी देण्याच्या जाहिराती एकेकाळी वृत्तपत्रांत सर्रास येत. देशातील काही अभिमत विद्यापीठांनी नियामक संस्थांची आवश्यक मान्यता न घेता असे दूरस्थ अभ्यासक्रम चालवले होते. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात निकाल देताना २००१ ते २००५ या शैक्षणिक वर्षांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित केल्या आणि त्यांना नव्याने परीक्षा द्यावयास लावली. त्यानंतरच्या तुकड्यांच्या पदव्या परत घेण्याचा आदेश दिला. अशा पदवीच्या बळावर पदोन्नती मिळवलेल्यांच्या नोकरीवरही त्याचा परिणाम झाला. पदविका ते पदवी या मार्गावर सर्वांत मोठा फटका बसलेला वर्ग हाच म्हणावा लागेल. त्यांची पदविका खरी होती, कष्ट खरे होते, केवळ दुसऱ्या टप्प्याची मान्यता तपासलेली नव्हती.

कला, वाणिज्य व विज्ञान शाखांतील टप्पे

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणास केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जुलै २०२० रोजी मान्यता दिली. महाराष्ट्रात त्यानुसारचे पदवी अभ्यासक्रम २०२३-२४ पासून विद्यापीठ विभाग व स्वायत्त महाविद्यालयांत, आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत लागू झाले. तालुक्याच्या ठिकाणी बी.ए. करणाऱ्या विद्यार्थ्यापर्यंत हा बदल प्रत्यक्षात तेव्हा पोहोचला.

नव्या रचनेत शिक्षणाचे माप 'श्रेयांक' हे आहे. साधारणपणे पंधरा तासांच्या सैद्धान्तिक किंवा तीस तासांच्या प्रात्यक्षिक अध्ययनास एक श्रेयांक मिळतो. एका सत्रात २० ते २२ श्रेयांक असतात. दोन सत्रांचे ४० ते ४४ श्रेयांक मिळवून बाहेर पडणाऱ्यास प्रमाणपत्र, चार सत्रांचे ८० ते ८८ मिळवणाऱ्यास पदविका, सहा सत्रांनंतर पदवी आणि आठ सत्रांनंतर ऑनर्स पदवी मिळते. पहिल्या वा दुसऱ्या वर्षाअखेर बाहेर पडणाऱ्याने आणखी चार श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा आंतरवासिता पूर्ण केली तरच प्रमाणपत्र वा पदविका हाती पडते. ही अट प्रवेशाच्या वेळी क्वचितच कोणी समजावून सांगतो. नुसती दोन वर्षे उत्तीर्ण होऊन घरी बसणाऱ्यास पदविका आपोआप मिळत नाही.

बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यास तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करावी लागते. मिळवलेले श्रेयांक 'शैक्षणिक श्रेयांक बँक' या राष्ट्रीय खात्यात जमा होतात. ही व्यवस्था विद्यापीठ अनुदान आयोगाच्या जुलै २०२१ च्या विनियमांनी उभी राहिली. विद्यार्थ्याने आधारशी जोडलेला आपला क्रमांक काढून महाविद्यालयाकडे नोंदवला नाही, तर श्रेयांक जमा होण्यात अडथळे येतात. नाव गुणपत्रिकेत एक आणि आधारपत्रात दुसरे, आडनाव मागे-पुढे, आईचे नाव राहून गेलेले, अशा किरकोळ वाटणाऱ्या चुकांचा निस्तार महिनोन्‌महिने चालतो. दहावीच्या गुणपत्रिकेवरील नाव हेच प्रमाण मानून बाकीची कागदपत्रे तिच्याशी जुळवून घेणे सोयीचे पडते.

या तरतुदीचा खरा उपयोग कोणाला, असे विचारले तर जिल्ह्यापुरते उत्तर बरेचसे मुलींकडे बोट दाखवते. पदवीच्या दुसऱ्या वर्षात लग्न ठरले, सासर वेगळ्या जिल्ह्यात गेले, की पूर्वी दोन वर्षांचे शिक्षण जवळजवळ बुडत असे. नव्या विद्यापीठात बहुधा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. आता ते श्रेयांक खात्यात राहतात आणि मान्यताप्राप्त अन्य संस्थेत पुढचा प्रवेश मिळाल्यास तेथे वळवता येतात. मात्र नव्या संस्थेचे मुख्य व दुय्यम विषय जुन्यांशी जुळले पाहिजेत. मराठी मुख्य विषय घेऊन निघालेल्या विद्यार्थिनीच्या नव्या महाविद्यालयात मराठी मुख्य विषयच नसेल, तर खात्यातील श्रेयांक असून नसल्यासारखे होतात.

तीन वर्षांची पदवी घ्यावी की चार वर्षांची, हा प्रश्नही याच रचनेतून उद्भवला आहे. स्पर्धा परीक्षा किंवा दोन वर्षांचे बी.एड. यांसाठी तीन वर्षांची पदवी पुरते. चार वर्षांची पदवी घेणाऱ्यास पदव्युत्तर शिक्षण एका वर्षात उरकते, तर तीन वर्षांच्या पदवीनंतर त्याला दोन वर्षे लागतात. एकूण काळ दोन्हीकडे पाचच वर्षांचा. आयोगाच्या २०२२ च्या विनियमांप्रमाणे चार वर्षांच्या पदवीत किमान ७५ टक्के गुण असल्यास पीएच.डी. प्रवेशाच्या प्रक्रियेत थेट भाग घेता येतो. तालुक्याच्या महाविद्यालयात चौथे वर्ष त्या विषयात सुरू आहे का, हे मात्र पहिल्याच वर्षी विचारून ठेवावे लागते.

अमेरिकेतील सहयोगी पदवीशी तुलना

पदवीच्या अलीकडे स्वतंत्र टप्पा ठेवण्याची ही कल्पना अमेरिकेत शतकभर जुनी आहे. तेथे दोन वर्षांच्या, साधारण ६० श्रेयांकांच्या अभ्यासानंतर 'असोसिएट' म्हणजे सहयोगी पदवी मिळते आणि १२० श्रेयांकांच्या स्नातक पदवीचा तो पूर्वार्ध ठरू शकतो. इलिनॉय राज्यातील जॉलिएट कनिष्ठ महाविद्यालय १९०१ मध्ये सुरू झाले. सार्वजनिक सामुदायिक महाविद्यालयांची परंपरा तेथपासून मोजली जाते. कमी शुल्कात घराजवळ दोन वर्षे आणि विद्यापीठात दोन वर्षे अशी आखणी तेथील अनेक कुटुंबे करतात.

तेथेही अडचण तीच आहे. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २००४ ते २००९ या काळात संस्था बदललेल्या विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के श्रेयांक स्थलांतरात वाया गेले होते. यावर उपाय म्हणून तेथील महाविद्यालये व विद्यापीठे आपसांत करार करून कोणता विषय कशाच्या बदल्यात धरला जाईल याची यादी आधीच जाहीर करतात. आपल्याकडे अभियांत्रिकीचा थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश राज्यभर एकाच नियमाने होतो, म्हणून पदविकेचे एक वर्ष सरसकट धरले जाते. या बाबतीत आपली जुनी पद्धत अधिक निश्चित आहे. श्रेयांक बँकेतून होणारे स्थलांतर मात्र अमेरिकेसारखेच संस्थेच्या निर्णयावर अवलंबून राहते.

नोकरीत राहून पदवी

भंडारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षकांच्या एका पिढीने पदविकेवर नोकरी आणि नोकरीत असताना पदवी असा क्रम अवलंबला. अध्यापक पदविका, जिला सारे डी.एड. म्हणत, घेऊन जिल्हा परिषद शाळेत रुजू व्हायचे, दिवसा वर्ग आणि रात्री कंदिलाच्या किंवा विजेच्या उजेडात बी.ए.चा अभ्यास, असे चित्र घराघरांत होते. आधी बहिःस्थ विद्यार्थी म्हणून आणि नंतर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून त्यांनी पदव्या घेतल्या. १ जुलै १९८९ रोजी नाशिक येथे स्थापन झालेल्या या विद्यापीठाने मराठीतून लिहिलेली स्वयंअध्ययनाची पुस्तके घरपोच दिली, हे त्याचे मोठे काम. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ लागू झाल्यावर सहावी ते आठवीच्या शिक्षकांसाठी पदवीस महत्त्व आले आणि ज्यांनी आधीच पदवी करून ठेवली होती त्यांना पदवीधर शिक्षक होण्याची संधी मिळाली. पदवी करताना तिचा असा उपयोग होईल हे त्यांच्यापैकी अनेकांच्या मनातही नव्हते.

एप्रिल २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन शैक्षणिक अभ्यासक्रम करण्यास परवानगी दिली. त्यामुळे एक नियमित आणि दुसरा मान्यताप्राप्त मुक्त वा दूरस्थ अभ्यासक्रम जोडीने चालवता येतो.

शुश्रूषा व औषधनिर्माण

तीन वर्षांची सामान्य परिचर्या व प्रसूतिशास्त्र पदविका आणि परिचर्या परिषदेची नोंदणी असलेल्या परिचारिकेस दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. अभ्यासक्रम करता येतो. औषधनिर्माणशास्त्राची दोन वर्षांची पदविका झालेल्यास बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. दोन्हीकडे प्रथम टप्पा देणारी संस्था संबंधित राष्ट्रीय परिषदेची मान्यता असलेली हवी.

आर्थिक बाजू

टप्प्याने शिकताना शिष्यवृत्तीचा एक नियम वाटेत येतो. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती शिक्षणाच्या चढत्या टप्प्यांसाठी असते. एक पातळी पूर्ण करून त्याच पातळीचा दुसरा अभ्यासक्रम घेतल्यास ती मिळत नाही. पदविकेनंतर पदवी ही चढती पायरी असल्याने तेथे अडचण नाही. पण एक पदविका झाल्यावर दुसरी घेणाऱ्यास किंवा बी.ए.नंतर बी.कॉम.कडे वळणाऱ्यास खर्च स्वतः सोसावा लागतो.

जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत मिळते. त्यासाठी प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. फेऱ्यांची वाट न पाहता व्यवस्थापन कोट्यातून 'पक्की जागा' घेणारे पालक अनेकदा ही सवलत स्वतःच्या हाताने गमावतात. वसतिगृहाचा खर्च वेगळाच असतो. भंडाऱ्याहून नागपूर साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे. भंडारा रोड स्थानकातून रेल्वेने रोज ये-जा करणारे विद्यार्थी आहेत, परंतु लाखांदूर वा साकोलीच्या पलीकडील गावांतून ते शक्य नाही.

विद्यापीठांच्या सीमा व कागदपत्रे

२०११ मध्ये गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे नागपूर विद्यापीठातून वेगळे झाले. जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला याचा परिणाम जाणवतो. लाखांदूर किंवा पवनी तालुक्यातील विद्यार्थ्यांना ब्रह्मपुरी हे शिक्षणाचे जवळचे गाव, पण ते चंद्रपूर जिल्ह्यात आणि गोंडवाना विद्यापीठात. एक-दोन वर्षे भंडारा जिल्ह्यातील महाविद्यालयात करून ब्रह्मपुरीच्या नेवजाबाई हितकारिणी महाविद्यालयात जायचे म्हटले, की अंतर थोडे असूनही विद्यापीठ बदलते. मग महाविद्यालय सोडल्याच्या दाखल्याबरोबर (टी.सी.) मूळ विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र लागते, नव्या विद्यापीठाची पात्रता घ्यावी लागते आणि विषय जुळतात का हे पाहिले जाते.

राखीव जागेवर व्यावसायिक पदवीस प्रवेश घेणाऱ्यास जात वैधता प्रमाणपत्र आवश्यक असते. पदविकेच्या तिसऱ्या वर्षाच्या निकालानंतर जिल्हा जात पडताळणी समितीकडे अर्ज करणाऱ्यांची धावपळ दर पावसाळ्यात दिसते. आजोबा-पणजोबांच्या शाळेचे दाखले, कोतवाल बुकातील नोंदी हे पुरावे जुन्या गावी जाऊन शोधावे लागतात आणि त्यात महिने जातात. अर्ज शिक्षणसंस्थेमार्फत जात असल्याने पदविकेच्या पहिल्या वर्षीच तो करता येतो. नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्राची मुदत वेगळी असते आणि ते प्रवेशाच्या वेळी चालू असावे लागते. पदविकेच्या प्रवेशासाठी काढलेले प्रमाणपत्र तीन वर्षांनी पदवीच्या प्रवेशास चालेलच असे नाही.